सी ड्राइव्ह भरलाय? एसक्यूएल सर्व्हरचा मोठा डेटाबेस दुसऱ्या ड्राइव्हवर असा हलवा

मार्चएंडच्या आठवड्यात सकाळी सकाळी फोन वाजला की माझ्या पोटात गोळाच येतो. यावेळचा फोन एका तालुक्याच्या गावातल्या पतसंस्थेचा होता. साडेदहा वाजलेले, काउंटरसमोर रांग, पिग्मी एजंट मशीन हातात घेऊन उभे, आणि सॉफ्टवेअर कुठलीच एंट्री सेव्ह करेना, सारखा 9002 नंबरचा एरर, ट्रान्झॅक्शन लॉग फुल. मी पोचलो तेव्हा कॅशियर मावशी म्हणाल्या, "दादा, निदान यांची पावती तरी निघू द्या हो, बाबा सकाळी आठच्या एसटीनं आलेत." सर्व्हर उघडून बघितला तर सी ड्राइव्हची पट्टी लालभडक, 223 जीबीपैकी 300 एमबी शिल्लक, विंडोज पण त्याच्यावर, डेटाबेस सांभाळणारा मायक्रोसॉफ्टचा एसक्यूएल सर्व्हर पण त्याच्यावर आणि सगळा डेटा पण त्याच्यावर. इन्स्टॉल करताना नेक्स्ट नेक्स्ट करत गेलं की हेच होतं, डेटाबेस गपचूप प्रोग्राम फाइल्सच्या आत डेटा नावाच्या फोल्डरमध्ये जाऊन बसतो आणि पाच-सहा वर्षं कुणी तिकडे बघत पण नाही.

असे फोन मला वर्षात बरेच येतात म्हणून सगळं एकदा नीट लिहून ठेवतोय. कमांड मी देवनागरीत सांगतोय, तुम्ही टाइप करताना अर्थातच इंग्रजीत करा.

सगळ्यात आधी, काउंटर चालू असताना डेटाबेस हलवायला घेऊ नका, कुणी कितीही घाई केली तरी. दिवसा फक्त काम चालू होईल एवढं करायचं आणि हलवाहलवी रात्री, डे-एंड झाल्यावर. आणि ड्राइव्ह भरलाय म्हणजे डेटाच वाढलाय असंही धरून चालू नका, आधी फाइली बघा. एसक्यूएल सर्व्हरच्या डेटाबेसला कमीत कमी दोन फाइली असतात, एक एमडीएफ ज्यात खरा डेटा असतो आणि दुसरी एलडीएफ म्हणजे लॉग, ज्यात प्रत्येक बदलाची नोंद होते, काही ठिकाणी एनडीएफ नावाची जास्तीची डेटा फाइल पण सापडते. या पतसंस्थेत एमडीएफ होती 86 जीबी आणि लॉग होता 61 जीबी! मॅनेजर साहेब म्हणाले आम्ही तर रोज फुल बॅकअप घेतो, मग लॉग कसा वाढेल. इथेच बहुतेकांची गल्लत होते. रिकव्हरी मॉडेल, म्हणजे लॉग कधीपर्यंत जपायचा हे ठरवणारी डेटाबेसची सेटिंग, फुल असेल तर फुल बॅकअप घेऊन लॉग रिकामा होत नाही, लॉगचा वेगळा बॅकअप घ्यावा लागतो, आणि तो यांनी आजवर एकदाही घेतला नव्हता.

मग मी एक्स्टर्नल ड्राइव्ह लावला, त्याच्यावर लॉगचा बॅकअप घेतला, आणि तो संपल्यावर एंट्र्या परत सेव्ह व्हायला लागल्या. बाबांची पावती निघाली. त्यानंतर लॉग फाइल श्रिंक करून, म्हणजे तिच्यातली मोकळी जागा काढून, 4 जीबीवर आणली. पहिल्या वेळी ती कमी होत नाही असं बऱ्याचदा होतं, कारण लॉगचा वापरात असलेला तुकडा नेमका फाइलच्या शेवटी असतो, अशा वेळी थोडं थांबून परत लॉग बॅकअप आणि परत श्रिंक, दुसऱ्या फेरीत उतरते. लॉग फाइल डिलीट मात्र कधीही करू नका, ती कचऱ्याची फाइल नाहीये, अर्धवट राहिलेले व्यवहार पूर्ण करायचे की मागे घ्यायचे हे सर्व्हर तिच्यावरूनच ठरवतो. आणि एमडीएफ श्रिंक करायच्या नादाला लागू नका, आतल्या इंडेक्सची, म्हणजे डेटा पटकन शोधायच्या सूचीची, पार विस्कटून वाट लागते आणि दुसऱ्या दिवशी रिपोर्ट निघायला दुप्पट वेळ लागतो.

म्हणजे 147 जीबी हलवायचे होते ते 90 वर आले. हा हिशोब आधी करायचा एवढ्यासाठी की रात्री किती वाजता घरी जाणार हे त्याच्यावर ठरतं. दोन्हीकडे आतमध्ये लावलेली साटा एसएसडी असेल तर सेकंदाला 400 एमबीच्या आसपास सहज जातं, 90 जीबी चार-पाच मिनिटांत. साधी फिरती हार्डडिस्क असेल तर 100-120 धरा, म्हणजे पंधरा मिनिटं. आणि नवा ड्राइव्ह चुकून जुन्या यूएसबी 2 च्या पोर्टला लावला असेल तर 35 च्या वर काय जात नाही, पाऊण तास बसा बघत.

आता नवा ड्राइव्ह. आतमध्ये लावलेलाच घ्या, डेटाबेस कायमचा यूएसबीच्या ड्राइव्हवर ठेवू नका. यूएसबीचं ड्राइव्ह लेटर बदलू शकतं, आज ई असलेला उद्या कुणी पेनड्राइव्ह लावून मशीन रीस्टार्ट केलं की एफ होतो, आणि मग डेटाबेसच्या नावापुढे रिकव्हरी पेंडिंग असं दिसतं आणि सगळ्यांचा थरकाप. बिटलॉकर (विंडोजचं ड्राइव्हला लावायचं कुलूप) लावलेला ड्राइव्ह असेल तर ऑटो अनलॉक चालू आहे ना ते बघा, कारण सर्व्हिस चालू होताना ड्राइव्ह कुलूपबंद असला तरी हेच होणार.

फॉरमॅट एनटीएफएस, आणि फॉरमॅट करतानाच अलोकेशन युनिट 64 केबी निवडा. एसक्यूएल सर्व्हरचं एक पान 8 केबीचं असतं आणि अशी आठ पानं मिळून एक एक्स्टेंट होतो, म्हणजे 64 केबी, म्हणून तो आकडा. विंडोज स्वतःहून 4 केबी देतं, ते चालत नाही असं नाही, पण रिकामा ड्राइव्ह हातात आहे तर आत्ताच करून घ्या, नंतर डेटा भरल्यावर बदलता येणार नाही. कॉम्प्रेस ड्राइव्ह टु सेव्ह स्पेस ही टिक काढलेली पाहिजे, कॉम्प्रेस केलेल्या फोल्डरवर चालता डेटाबेस ठेवणं एसक्यूएल सर्व्हरला मान्य नाही.

ड्राइव्हच्या मुळाशी थेट फाइली टाकू नका, एक फोल्डर बनवा, मी एसक्यूएलडेटा असं नाव देतो. आणि आता जे सांगतोय ते मन लावून वाचा कारण दहातल्या आठ वेळा गाडी इथेच अडते. तुम्ही अॅडमिन म्हणून लॉगिन केलंय, तुम्हाला फोल्डर दिसतोय, उघडतोय, त्यात फाइल टाकता येते, पण फाइल तुम्ही उघडणार नाही आहात, ती उघडणार आहे एसक्यूएल सर्व्हरची सर्व्हिस, आणि तिचं स्वतःचं वेगळं अकाउंट असतं. त्या अकाउंटला या फोल्डरवर परवानगी द्यावी लागते. फोल्डरवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, सिक्युरिटी, एडिट, अॅड. लोकेशन म्हणून आपलंच कॉम्प्युटर निवडायचं, डोमेन नाही. नावाच्या चौकटीत एनटी सर्व्हिस, मग बॅकस्लॅश, मग एमएसएसक्यूएलसर्व्हर असं सलग टाइप करायचं. एक्स्प्रेस (फुकटची आवृत्ती) किंवा दुसऱ्या नावाचा इन्स्टन्स, म्हणजे वेगळ्या नावाने बसवलेला एसक्यूएल सर्व्हर, असेल तर शेवटचा भाग एमएसएसक्यूएल, डॉलरचं चिन्ह आणि इन्स्टन्सचं नाव असा होतो. हे नाव यादीत शोधत बसू नका, हातानेच टाइप करून चेक नेम्स दाबायचं, नावाखाली रेघ आली की जमलं. फुल कंट्रोल द्या. सर्व्हिस नक्की कुठल्या अकाउंटवर चालतेय याची खात्री नसेल तर सर्व्हिसेसच्या यादीत लॉग ऑन अॅजचा कॉलम बघा, तिथे लिहिलेलं असतं. ही परवानगी कॉपी करायच्या आधी द्यायची, म्हणजे नंतर येणाऱ्या फाइलींना ती फोल्डरकडून आपोआप मिळते.

संध्याकाळी डे-एंड झाला, कॅश टॅली झाली, सगळ्यांनी सॉफ्टवेअर बंद केलं. आता आधी फुल बॅकअप, चेकसम (डेटा खराब तर नाही ना ते तपासणारा आकडा) चालू ठेवून, आणि तो जुन्या किंवा नव्या ड्राइव्हवर नाही तर तिसऱ्याच जागी. बॅकअप झाल्यावर रिस्टोर व्हेरिफायओन्ली चालवा, ही कमांड रिस्टोर न करता बॅकअपची फाइल तपासते. हमखास खात्री हवी असेल तर दुसऱ्या मशीनवर रिस्टोरच करून बघा, मी मोठ्या संस्थांमध्ये तसंच करतो. शिवाय डीबीसीसी चेकडीबी एकदा चालवून घ्या. डेटाबेस आधीच कुठे खराब असेल तर ते हलवायच्या आधी कळलेलं बरं, नाहीतर नंतर सगळा दोष हलवण्यावर येतो आणि खरं कारण शोधायला दोन दिवस जातात.

हलवायच्या दोन पद्धती लोक वापरतात. पहिली डिटॅच करून परत अॅटॅच करायची. मी पण सुरुवातीची काही वर्षं तेच करायचो, आणि एका दवाखान्याच्या सर्व्हरवर रात्री एक वाजता असा अडकलो की आजही आठवलं तरी घाम फुटतो. डिटॅच केलं की फाइलीवरच्या परवानग्या बदलतात, डिटॅच करणाऱ्या माणसाच्या नावावर जातात, आणि तेव्हा मला हे माहीतच नव्हतं, अॅटॅच करायला गेलो तर अॅक्सेस डिनाइड. डेटाबेस यादीतून गायब, फाइल समोर दिसतेय पण उघडत नाही, आणि खाली इमर्जन्सीत पेशंट येतायत. परवानग्या हाताने परत देऊन सव्वादोनला चालू झालं. शिवाय अॅटॅच करणाराच डेटाबेसचा मालक होतो, ट्रस्टवर्दीसारख्या काही सेटिंग परत कराव्या लागतात. तेव्हापासून मी दुसरीच पद्धत वापरतो, ज्यात डेटाबेस सर्व्हरच्या यादीतून कधी निघतच नाही, फक्त त्याचा पत्ता बदलतो.

मॅनेजमेंट स्टुडिओमध्ये (एसक्यूएल सर्व्हर हाताळायचा प्रोग्राम) डेटाबेसवर राइट क्लिक, प्रॉपर्टीज, फाइल्स. तिथे प्रत्येक फाइलचं लॉजिकल नेम, पाथ आणि फाइलचं खरं नाव दिसतं. हे तिन्ही कागदावर लिहून घ्या किंवा फोटो काढा, जुना पाथ परत लागू शकतो. लॉजिकल नाव आणि फाइलचं नाव एकच असतं असं धरू नका, सॉफ्टवेअरवाल्यांनी जुन्या कुठल्या तरी गिऱ्हाइकाचा डेटाबेस रिस्टोर करून दिलेला असतो त्यामुळे लॉजिकल नाव भलतंच निघतं. या खिडकीत पाथ बदलायचा प्रयत्न करून उपयोग नाही, तो फक्त बघण्यापुरता असतो.

आता नवी क्वेरी विंडो उघडा आणि वर डेटाबेस म्हणून मास्टर (सर्व्हरचा स्वतःचा डेटाबेस) निवडा, नाहीतर तुमचीच खिडकी त्या डेटाबेसला धरून बसते आणि पुढे अडवते. कमांड अशी: ऑल्टर डेटाबेस, डेटाबेसचं नाव, मॉडिफाय फाइल, मग कंसात नेम बरोबर लॉजिकल नाव, स्वल्पविराम, फाइलनेम बरोबर एकेरी अवतरणात नवा पूर्ण पत्ता, ड्राइव्हपासून ते डॉट एमडीएफपर्यंत. तशीच दुसरी लॉगसाठी. एनडीएफ असतील तर त्या प्रत्येकासाठी एक. मेसेज येईल की कॅटलॉगमध्ये नोंद बदलली, नवा पाथ डेटाबेस पुढच्या वेळी सुरू होईल तेव्हा वापरला जाईल. म्हणजे अजून काहीही हललेलं नाही, घाबरू नका.

मग डेटाबेसवर राइट क्लिक, टास्क्स, टेक ऑफलाइन. तिथे ड्रॉप ऑल अॅक्टिव्ह कनेक्शन्स अशी टिक असते. ती न करता ओके दाबलं आणि कुठल्या तरी टेबलावर कुणी सॉफ्टवेअर उघडं ठेवून घरी गेलं असेल तर ती खिडकी तशीच गोल गोल फिरत राहते. टिक करा. कमांडने करायचं तर ऑल्टर डेटाबेस, सेट ऑफलाइन, विथ रोलबॅक इमिजिएट. अर्धवट असलेले व्यवहार मागे घेतले जातात म्हणून तर आधी सगळ्यांना बाहेर काढायचं. रात्रीचे जॉब लावलेले असतील तर ते ठरल्या वेळी चालवणारी एसक्यूएल सर्व्हर एजंटची सर्व्हिस पण तात्पुरती थांबवा.

आता कॉपी. कॉपीच, कट-पेस्ट नाही. हे मी हात जोडून सांगतो. कट करताना मध्येच लाइट गेली, केबल सैल झाली, नवा ड्राइव्हच खराब निघाला तर परत फिरायला वाट राहत नाही. कॉपी केली तर जुनी फाइल जागेवर जशीच्या तशी असते, काही बिनसलं तर मॉडिफाय फाइलने जुना पत्ता परत द्यायचा, ऑनलाइन करायचं, पाच मिनिटांत पहिल्यासारखं. आणि यूपीएस चालू आहे ना, त्याच्या बॅटरीत दम आहे ना हे पण बघून घ्या, आपल्याकडे उन्हाळ्यात संध्याकाळी वळीव आला की लाइट पहिली जाते.

विंडोजच्या साध्या कॉपीनेही होतं, पण एवढ्या मोठ्या फाइलीला मी रोबोकॉपी (विंडोजमधलीच कॉपीची कमांड) वापरतो, स्लॅश जे लावून, म्हणजे ती विंडोजचा कॅश न वापरता थेट लिहिते, नाहीतर मोठी फाइल कॉपी होताना सगळी मेमरी भरते आणि मशीन ढिम्म होतं. कमांड प्रॉम्प्ट रन अॅज अॅडमिनिस्ट्रेटरने उघडा. आधी जुना फोल्डर, मग नवा फोल्डर, मग फाइलचं नाव, मग स्लॅश जे. जुन्या पत्त्यात प्रोग्राम फाइल्समधली मोकळी जागा येते म्हणून तो दुहेरी अवतरणात टाका, आणि अवतरण बंद करायच्या आधी शेवटी बॅकस्लॅश ठेवू नका, ठेवला की रोबोकॉपी पुढचं सगळं त्याच पत्त्याचा भाग समजते आणि काहीतरी विचित्र एरर देते.

कॉपी झाल्यावर दोन्हीकडच्या फाइलींची प्रॉपर्टीज उघडून साइज बाइट्समध्ये जुळवा, जीबीमध्ये नाही. मी त्याच्या पुढे जाऊन सर्टयूटिल, हॅशफाइल, आणि शेवटी एसएचए 256 असं देऊन दोन्हींचा हॅश, म्हणजे फाइलीच्या मजकुरावरून निघणारा ठसा, काढतो. 86 जीबीला वेळ लागतो, पण हा लोकांचा पैसा आहे, म्हातारपणाच्या एफडी आहेत त्यात, पंधरा मिनिटं जास्त बसायला काही हरकत नाही. त्या रात्री आम्ही दोन लांबलचक हॅश असे समोरासमोर ठेवले आणि मावशींनी चष्मा लावून चार चार अक्षरं मोठ्याने वाचली आणि मी दुसऱ्याशी जुळवली. जुळलं. मग चहा.

आता राइट क्लिक, टास्क्स, ब्रिंग ऑनलाइन. आलं तर आलं. नाही आलं तर लगेच काही परत परत दाबू नका, मॅनेजमेंटच्या खाली एसक्यूएल सर्व्हर लॉग्स उघडा आणि शेवटच्या ओळी वाचा. 5120 नंबरचा एरर असेल आणि त्यात ऑपरेटिंग सिस्टिम एरर 5 दिसत असेल तर परवानगी राहिलीये, वर सांगितलेलं अकाउंट परत तपासा. एरर 2 असेल तर त्या नावाची फाइल तिथे नाहीये, एरर 3 असेल तर फोल्डरचा पत्ताच चुकलाय. 2 येण्याचं नेहमीचं कारण म्हणजे टायपिंग, किंवा विंडोजने एक्स्टेन्शन लपवलेलं असतं आणि कुणीतरी फाइलला हाताने नाव देताना डॉट एमडीएफ दोनदा होऊन बसतं. पत्ता चुकला असेल तर मॉडिफाय फाइल परत चालवता येते, डेटाबेस बंद असला तरी, मग परत ऑनलाइन.

चालू झाल्यावर प्रॉपर्टीज, फाइल्समध्ये जाऊन नवा पाथ दिसतोय ना बघा आणि जुन्या ठिकाणच्या एमडीएफ आणि एलडीएफचं नाव बदलून पुढे जुनी आणि तारीख लावा. नाव बदलता आलं म्हणजे सर्व्हरचा तिच्यावर हात नाही हे पण सिद्ध होतं, कारण वापरात असलेल्या फाइलचं नाव विंडोज बदलू देत नाही. आणि नव्या जागी एकदा का पहिली पावती फाटली की जुन्या फाइलीवर परत जायचं नाही, जी एंट्री नवीनमध्ये झाली ती जुनीत नसणार. त्यानंतर काही झालं तर बॅकअपवरून यायचं.

मग परत एकदा चेकडीबी, आणि सॉफ्टवेअरमधून एक खातं उघडून बघा, ट्रायल बॅलन्स काढा आणि डे-एंडला काढलेल्या प्रिंटशी जुळवा. अँटिव्हायरसमध्ये जुना फोल्डर वगळलेला असतो, नवा राहतो, तो टाका नाहीतर दर वेळी 86 जीबीची फाइल स्कॅन करायला घेतो. सर्व्हरच्या प्रॉपर्टीजमध्ये डेटाबेस सेटिंग्जला डीफॉल्ट लोकेशन असतं तिथे पण नवा पत्ता द्या, सर्व्हिस रीस्टार्ट झाल्यावर ते लागू होतं, म्हणजे पुढच्या आर्थिक वर्षाचा नवा डेटाबेस परत सी वर जाऊन बसणार नाही. टेम्पडीबी (सर्व्हरची तात्पुरत्या कामाची जागा) पण मोठी झाली असेल तर ती हलवणं सगळ्यात सोपं, मॉडिफाय फाइल करायचं आणि सर्व्हिस रीस्टार्ट, कॉपी काही करायची नाही कारण ती दर वेळी नव्याने तयार होते, फक्त जुन्या जागच्या तिच्या फाइली हाताने काढून टाका. मास्टर वगैरे छोटे असतात, त्यांना तिथेच राहू द्या.

आणि लॉगचा बॅकअप, जिथून हे सगळं सुरू झालं. दर तासाला लॉग बॅकअपचा जॉब लावून द्या आणि तो नव्या ड्राइव्हवर नको, कारण ड्राइव्ह गेला तर डेटा आणि बॅकअप दोन्ही एकदम जातील. पतसंस्थेत आम्ही जुन्या मशीनवर एक शेअर फोल्डर केला आणि तिकडे पाठवतो.

जुन्या फाइली मी आठ दिवस ठेवल्या. रोज सकाळी मावशी फोन करून विचारायच्या, "दादा, काढायच्या का आता?" आणि मी विचारायचो कालचा बॅकअप झाला का, दुसऱ्या मशीनवर रिस्टोर करून बघितला का. नवव्या दिवशी दोन्हीला हो आलं, तेव्हा सांगितलं, शिफ्ट दाबून डिलीट करा, 86 जीबी रिसायकल बिनमध्ये गेले तर सी ड्राइव्ह भरलेलाच राहील.